निम्मे प्रेम, निम्मा खून?

नोकरी सांभाळून कादंबरी लिहिणाऱ्या एका वाचक लेखिकेचे लांबलचक पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा सारांश असा. कादंबरी इंग्लंडच्या रीजन्सी काळातली असून १८१६ च्या शरद ऋतूत बाथ शहरात घडते. नायिका चोवीस वर्षांची, अविवाहित. दुसऱ्या प्रकरणात तिच्या वडिलांचा वाइनमधून विष घालून खून होतो. ज्याच्यावर संशय येतो तो नायक ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला अधिकारी असून पुण्याच्या रेसिडेन्सीतून रजेवर मायदेशी आला आहे. एक डॉक्टर पेल्यातल्या वाइनमध्ये आर्सेनिक असल्याचे सिद्ध करतात, लंडनहून पोलीस निरीक्षक येतो, आणि शेवटी नायिकेला मागणी घालणारा दुसरा, गोडबोल्या तरुण खुनी निघतो. विषम प्रकरणांत तपास आणि सम प्रकरणांत प्रेम अशी अठ्ठावीस प्रकरणे लिहून झाली आहेत. हस्तलिखित वाचलेली एक मैत्रीण म्हणते, नाचाच्या प्रसंगांनी तपासाचा वेग मरतो; दुसरी म्हणते, मध्ये प्रेत आले की प्रेमाची गोडी राहत नाही. एका संपादकांनी ‘आधी हे नक्की काय आहे ते ठरवा’ एवढाच शेरा मारून बाड परत केले. लेखिकेचे प्रश्न तीन आहेत. प्रेमकथा एक तृतीयांशावर आणावी का? नायकाच्या तोंडून सांगितलेली प्रकरणे ठेवावीत का? आणि नायकाने लग्नाची मागणी खटल्याआधी घालावी की खटल्यानंतर?

प्रिय लेखिका,

तुमच्या दोन मैत्रिणी एकमेकींच्या विरुद्ध बोलत आहेत, असे गृहीत धरून तुम्ही त्यांच्यात तडजोड घडवायला निघाला आहात. मला मात्र त्या एकच तक्रार दोन तोंडांनी करताना दिसतात. तपास चालू असताना प्रेम खुंटीला टांगलेले असते आणि प्रेम चालू असताना तपास. त्यामुळे जिला ज्याची ओढ आहे तिला दर दुसऱ्या प्रकरणात ताटकळत बसावे लागते. प्रेमकथा एक तृतीयांशावर आणलीत तर हे ताटकळणे थोडे कमी होईल, पण संपणार नाही, आणि दुसऱ्या मैत्रिणीची उपासमार मात्र वाढेल. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नको’ असे आहे. पानांचा हिशेब तूर्त बाजूला ठेवा.

हा माणूस आपला होईल का, हा प्रेमकथेचा प्रश्न आणि हे कोणी केले, हा रहस्यकथेचा, असे धरून चालले की वाटण्या करणे भागच पडते. तुम्ही निवडलेल्या काळात मात्र या दोन्ही प्रश्नांच्या तळाशी तिसराच एक प्रश्न आहे: या माणसावर विश्वास ठेवावा का, आणि ठेवला तर त्याची किंमत काय? राजे तिसरे जॉर्ज मानसिक आजाराने राज्य चालवण्याजोगे न उरल्यामुळे फेब्रुवारी १८११ पासून त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे जानेवारी १८२० पर्यंत, युवराजांनी राज्याचा कारभार पाहिला; काटेकोर अर्थाने रीजन्सी काळ तो एवढाच. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न होताच स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व संपत असे. तिची रोकड, दागिने, रोखे पतीचे होत आणि जमिनीचे उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. विवाहापूर्वी करार करून जे विश्वस्तांच्या ताब्यात ठेवले असेल तेवढेच वाचे. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून त्या एका जोडप्यापुरता कायदा मंजूर करून घ्यावा लागे आणि ते मूठभर श्रीमंत पुरुषांनाच परवडे. अशा जगात जी मुलगी एखाद्या पुरुषाची पारख करते, त्याच्या बोलण्यातली विसंगती टिपते, तो कोठून आला आणि काय लपवतो याचा अंदाज घेते, ती तपासच करत असते, मग कोणाचा खून झालेला असो वा नसो. तुमची सम आणि विषम प्रकरणे या एका प्रश्नापाशी आणून बांधता येतील असे मला वाटते, आणि पुढे जे लिहितो आहे ते सारे त्याच हेतूने.

आधी तो पोलीस निरीक्षक काढून टाका. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ साली उभे राहिले आणि त्यातली गुप्तहेरांची शाखा १८४२ साली. तुमच्या काळात न्यायदंडाधिकारी, अर्धवेळ कॉन्स्टेबल, रात्रीचे पहारेकरी आणि बक्षिसाच्या जाहिराती यांवर सारा कारभार चाले. डिसेंबर १८११ मध्ये लंडनच्या पूर्व भागात रॅटक्लिफ हायवे या रस्त्याच्या परिसरात बारा दिवसांच्या अंतराने दोन घरांत मिळून सात माणसे मारली गेली, तेव्हा राजधानीतसुद्धा या व्यवस्थेची दाणादाण उडाली होती. बो स्ट्रीटच्या न्यायकचेरीतले माहीतगार शिपाई दिवसाला एक गिनी आणि प्रवासखर्च देऊन बाहेरगावी बोलावता येत, पण ते ज्याने पैसे मोजले त्याचे काम करत. हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. निरीक्षक असला की नायक-नायिकेने तपास करणे ही लुडबुड ठरते. तो नसला की त्यांच्याखेरीज कोणी उरत नाही, आणि दोघांनी भेटायला सबळ कारण मिळते.

डॉक्टरांचा तो प्रयोगही जाऊ द्या. आर्सेनिक ओळखण्याची खात्रीची रासायनिक चाचणी १८३६ साली आली. त्याआधीच्या कसोट्या कच्च्या होत्या आणि विष मात्र उंदीर मारण्यासाठी दुकानात सहज मिळत असे. तुमच्या कथानकाच्या एकच वर्ष आधी, १८१५ मध्ये, लंडनच्या चॅन्सरी लेनमधल्या एका घरातली एलायझा फेनिंग ही तरुण स्वयंपाकीण मालकाच्या कुटुंबाला उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांतून विष घातल्याच्या आरोपावरून फाशी गेली. मेले कोणीच नव्हते. तिने स्वतःही तेच खाल्ले होते आणि तीही आजारी पडली होती. पीठ फुगले नव्हते, सुऱ्या काळ्या पडल्या होत्या, असल्या गोष्टी पुरावा म्हणून पुढे आल्या. ती निर्दोष होती असे मानणारे लोक तेव्हाही पुष्कळ होते. हे प्रकरण तुमच्या नायिकेच्या घरातल्या प्रत्येक मोलकरणीला ठाऊक असणार, आणि घरात विषाचा संशय आला की पहिला बळी कोणाचा जाईल हेही. तुमच्या बाडात स्वयंपाकघरातली माणसे फक्त ट्रे आणतात आणि नेतात. त्यांपैकी एकीला भीती द्या. तिचा जीव वाचवण्यासाठी नायिकेला घाई करावी लागली तर तिची हुशारी मिरवण्यासाठी असल्यासारखी वाटणार नाही.

आता मेलेला माणूस कोण, याचा विचार करू, कारण तुमची खरी अडचण तेथे आहे असे मला वाटते. तुम्ही दुसऱ्या प्रकरणात वडिलांना मारले आणि सहाव्या प्रकरणात मुलीला रेशमी झग्यात नाचायला पाठवले. आईवडिलांसाठी त्या समाजात सहा महिने ते वर्षभर सुतक पाळत. काळे कपडे घातलेल्या मुलीने असेम्ब्ली रूम्समध्ये, म्हणजे नाचगाण्याच्या सार्वजनिक दालनांत, पाऊल टाकणे अशक्य होते. रूढी बाजूला ठेवली तरी बाप जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच जिचे काळीज एका कॅप्टनच्या डोळ्यांवर धडधडते, तिच्याविषयी वाचकाच्या मनात अढी बसते. प्रेत मध्ये आल्यावर गोडी राहत नाही, असे म्हणणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला हेच खुपले असावे. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. वडिलांचाच खून ठेवायचा आणि नाच, मैफली, गावातल्या ओळखीपाळखी सगळ्यांवर पाणी सोडून बंद घरातली, शोकाच्या सावलीतली कथा लिहायची. ती चांगली होऊ शकेल, पण तिच्यात प्रेम फार उशिरा आणि फार दबकत येईल. किंवा मृत माणूस नात्याबाहेरचा करायचा. तुमचा कल पाहता मी दुसरी वाट सुचवीन.

वडील काही वर्षांपूर्वीच वारले आहेत आणि मुलीची ठेव तिचे लग्न होईपर्यंत दोन विश्वस्तांकडे आहे, असे समजा. खून त्यांपैकी एकाचा होतो. याचा फायदा पाहा. मुलीचे लग्न ठरले की दोन्हीकडचे वकील विवाहकराराचा मसुदा करायला बसणार आणि ठेवीचा हिशेब मागणार. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपल्यानंतरच्या मंदीत, १८१५-१६ च्या सुमारास, इंग्लंडच्या लहान गावांतल्या कितीतरी खासगी पेढ्या बुडाल्या. दुसऱ्या विश्वस्ताने ठेव अशाच एका पेढीत घालून गमावलेली असेल आणि पहिला विश्वस्त वह्या उघडायला निघाला असेल, तर खुनाला कारण मिळते, आणि ते कारण नायिकेचे प्रेम जुळू लागले याच घटनेतून निघते. ती कोणाकडे पाहून हसली नसती, तर विश्वस्त जिवंत राहिला असता. तिला हे कळेल तो प्रसंग तुमच्या कादंबरीतला सर्वांत कठीण प्रसंग होईल, आणि तो सम प्रकरणातला की विषम प्रकरणातला हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

नाचाचा प्रसंग यामुळे वाचतो, पण तो पुन्हा लिहावा लागेल. सध्या त्यात झुंबरे आहेत, पंखे आहेत, आणि दोघे भोवती कोणी नसल्यासारखे सलग दीड पान बोलतात. बाथच्या वरच्या असेम्ब्ली रूम्समध्ये पुरुषांची एक आणि स्त्रियांची एक अशा समोरासमोर लांब रांगा करून जो नाच चाले, त्यात जोडी क्रमाक्रमाने रांगेतून खाली सरकत असे. हात धरायचा, फिरायचे, सोडायचे, शेजारच्या जोडीभोवतून जायचे आणि मग पुन्हा समोर यायचे. रांग मोठी असली तर एक नाच अर्धा अर्धा तास चाले, आणि टोकाला पोचलेली जोडी काही वेळ नुसती उभी राही. म्हणजे प्रश्न विचारायचा आणि उत्तर येण्याआधी दोघांनी वेगळे व्हायचे. परत समोर येईपर्यंत त्याला खोटे रचायला आठ-दहा पावलांचा अवधी मिळतो आणि तिला त्याचा चेहरा तिऱ्हाइतांमध्ये वावरताना पाहायला तेवढाच. ‘मंगळवारी रात्री तुम्ही कोठे होता?’ हा प्रश्न दिवाणखान्यात विचारला तर ती चौकशी होते. रांगेत विचारला आणि उत्तराऐवजी त्याचा हात क्षणभर घट्ट झाला तर वाचकाला तो कबुलीजबाब आहे की लगट, हे ठरवता येत नाही. शिवाय दोघांच्याही हातांत मोजे असतात. जेवणाच्या वेळी ते काढले जातात. ज्याने मोजा काढायचे टाळले त्याच्याकडे तुमची नायिका पाहीलच; पण ती त्याच्या हातावरचा डाग शोधते आहे की नुसताच हात, ते तुम्ही सांगू नका. एका तरुणाबरोबर एका संध्याकाळी दोनांहून अधिक नाच झाले की गावात कुजबुज सुरू होई; म्हणजे तिला प्रश्न विचारायलाही मोजकीच संधी आहे. आणि अकराच्या ठोक्याला बाथचे नाच बंद होत, मग रांग अर्धवट असो वा नसो.

घरी नेणारी मेण्यासारखी बंद खुर्ची दोघे जण दांड्यांना धरून उचलून नेत. या भोयांना परवाना आणि क्रमांक असे, भाडे ठरलेले असे, आणि कोण कोणत्या दारातून किती वाजता बाहेर पडले हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसे. नवे पाहुणे पंप रूममधल्या, म्हणजे औषधी झऱ्याचे पाणी प्यायला लोक जमत त्या दालनातल्या, वहीत नाव लिहीत आणि गावात कोण कोण आले याची यादी स्थानिक वर्तमानपत्र छापत असे. तुमच्या नायिकेला बोटांच्या ठशांची गरज नाही. चहाच्या टेबलावरचे वर्तमानपत्र तिला वाचू द्या.

पुण्याविषयी तुम्ही थोड्या संकोचाने विचारले आहे, की मराठी वाचकाला जवळचे वाटावे म्हणून केलेली ही ओढाताण तर नव्हे ना. तेवढ्यासाठीच पुणे आणले असेल तर काढून टाका. पण त्याचा उपयोग आहे. पावसाळा संपल्यावर १८१५ च्या अखेरीस मुंबईहून निघालेला अधिकारी १८१६ च्या वसंतात इंग्लंडला पोचतो, म्हणजे जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात झालेला बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून आणि त्यापायी पुण्याचे रेसिडेंट एल्फिन्स्टन यांनी खुनाचा संशय असलेल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना पेशवे बाजीरावांकडून मागून घेईपर्यंतचा तणाव त्याने जवळून पाहिलेला असणार. एका खुनाचा माग काढताना सत्ता किती आणि सत्य किती, याचा त्याला आलेला अनुभव बाथमध्ये त्याच्या वागण्यात उतरावा. त्यासाठी शनिवारवाड्याची वर्णने करावी लागत नाहीत. त्रिंबकजी सप्टेंबर १८१६ मध्ये ठाण्याच्या तुरुंगातून निसटले, ही बातमी मात्र त्याला १८१६ सरेपर्यंत तरी कळता कामा नये, कारण जहाजाला पाच-सहा महिने लागत. याच अंतरामुळे आणखी एक गोष्ट साधते. या माणसाविषयी चौकशी करायला नायिकेच्या मावशीने पुण्याला पत्र टाकले तर उत्तर यायला वर्षाच्या आसपास लागेल. त्याचा भूतकाळ पडताळून पाहायला बाथमध्ये कोणी नाही. त्याच्या शब्दावर विसंबायचे की नाही, एवढेच तिच्या हाती उरते.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. नायकाच्या तोंडची प्रकरणे काढा, असे मी जवळजवळ बिनशर्त सांगेन. प्रेमकथेत दोघांची मने आलटून पालटून दाखवण्याची पद्धत रुळलेली आहे आणि नुसत्या प्रेमकथेत ती शोभतेही. पण ज्याच्यावर खुनाचा संशय आहे त्याच्या डोक्यात शिरलात, की तो खुनी नाही हे वाचकाला कळते किंवा तुम्हाला त्याच्याच विचारांत लपवाछपवी करावी लागते. तुमच्या बाराव्या प्रकरणात तो खिडकीशी उभा राहून ‘त्या रात्रीचे’ स्मरण करतो आणि नेमके महत्त्वाचे तेवढे आठवायचे टाळतो. वाचक अशा वेळी लेखकावर चिडतो. त्याचे मन दाखवायचेच असेल तर त्याने लिहिलेली पत्रे दाखवा. पत्रात माणूस सरळपणे काही गोष्टी वगळू शकतो. लग्न ठरलेले नसताना तरुण-तरुणींनी पत्रव्यवहार करणे मर्यादेला सोडून मानले जाई, म्हणून एखादे पत्र तिच्याकडे सापडणे हीसुद्धा घटनाच होईल.

खुनी कोण, याबद्दल तुमची निवड मला पटत नाही. प्रेमकथा वाचणाऱ्याला नायिका कोणाला नाकारणार हे तिसऱ्या प्रकरणात कळते, आणि नाकारलेलाच खुनी असेल तर रहस्यही तेथेच फुटते. त्या गोडबोल्या तरुणाला सज्जन करा. तिला एक सुरक्षित, सुस्वभावी, गावाला माहीत असलेला पर्याय खरोखर उपलब्ध असू द्या, म्हणजे अनोळखी माणसाकडे तिचे झुकणे हा धोका ठरेल. आणि नायक खुनी नाही असे वाचक धरूनच चालणार, हेही मान्य करून टाका. ‘त्याने मारले का?’ यावर सगळी उत्सुकता टांगू नका. ‘तो काय लपवतो आहे, आणि ते कळल्यावर तिला त्याच्याबरोबर संसार करवेल का?’ या प्रश्नाचे उत्तर वाचकाला आधी कळण्याचा संभव नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नापर्यंत येण्यासाठी एक रचना सुचवतो. खुनाच्या रात्री ती आणि तो काही वेळ एकांतात बरोबर होते. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी म्हणजे कॉरोनर; त्याची चौकशी तेव्हा एखाद्या खानावळीच्या मोठ्या खोलीत भरे, जूरीतल्या पुरुषांना प्रेत प्रत्यक्ष पाहावे लागे, गावातले लोक ऐकायला गोळा होत, आणि जूरीने नाव घेतले तर कॉरोनर त्या माणसाला थेट तुरुंगात पाठवू शकत असे. त्या खोलीत उभे राहून ‘तो माझ्याबरोबर होता’ असे म्हणणे म्हणजे तिने स्वतःच्या अब्रूवर निखारा ठेवणे. हा पेच जुनाच आहे, वाचकांनी पाहिलेला आहे. म्हणून त्यात एक फट ठेवा. तिला त्याच्या सगळ्या वेळेची खात्री देता येत नाही. पाव तासाचा हिशेब लागत नाही.

हे घड्याळांमुळे सहज जमते. रेल्वेपूर्वी प्रत्येक गाव आपापल्या सूर्याची वेळ पाळी. बाथची वेळ लंडनच्या नऊ-दहा मिनिटे मागे असे आणि घरातली घड्याळे तर मनास येईल तशी चालत. तुमच्या कथेनंतर काही महिन्यांनी, मे १८१७ मध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या एर्डिंग्टन येथे मेरी ॲशफर्ड ही तरुणी एका खानावळीतल्या नाचाला गेली, रात्री उशिरा एब्राहम थॉर्नटन या तरुणाबरोबर बाहेर पडली, पहाटे मैत्रिणीच्या घरी नाचाचे कपडे बदलून एकटी निघाली आणि सकाळी पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात तिचे प्रेत सापडले. शेतात दोघांच्या पावलांचे ठसे होते. तो तिच्याबरोबर असल्याचे त्याने नाकारले नाही. पण नंतर त्याला वाटेत ज्यांनी पाहिले त्यांच्या साक्षी, अंतरे आणि निरनिराळ्या घरांतली न जुळणारी घड्याळे यांचा मेळ घालताना आरोप टिकला नाही आणि वॉरिकच्या जूरीने त्याला सोडले. पुढे मुलीच्या भावाने एका जुनाट कायद्याखाली पुन्हा दाद मागितली, तेव्हा थॉर्नटनने तितक्याच जुनाट हक्काने द्वंद्वाचे आव्हान देऊन न्यायालयात हातमोजा फेकला. १८१८ मध्ये न्यायाधीशांना तो हक्क मान्य करावा लागला, भावाने लढण्यास नकार दिला, आणि १८१९ साली पार्लमेंटने तो कायदाच मोडीत काढला. मी हे सविस्तर सांगितले ते तुम्ही उचलावे म्हणून नव्हे. नाच, एकांत, कपडे, चिखलातली पावले आणि घड्याळ यांच्यातून त्या काळातला पुरावा कसा तयार होई, ते यात दिसते. तुमच्या कथेचे साल तर असे, की तंबोरा ज्वालामुखीच्या आदल्या वर्षीच्या उद्रेकामुळे युरोपात उन्हाळाच आला नाही. बाथच्या टेकड्यांवर चिखल हवा तितका आहे.

कॉरोनरने नायकाला नोव्हेंबरात इल्चेस्टरच्या तुरुंगात पाठवले, तर फिरत्या न्यायाधीशांचे वसंत सत्र भरेपर्यंत तो तेथेच राहील. खटला एका दिवसात संपेल. गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाला साक्षीदारांची उलटतपासणी घेता येई, पण जूरीपुढे भाषण करण्याची मुभा १८३६ पर्यंत नव्हती, आणि आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देता येत नसे. खुनाचा गुन्हा शाबीत झाला तर मध्ये एक दिवस सोडून फाशी. तेव्हा माफीपत्र घेऊन दौडत येणाऱ्या घोडेस्वाराचा मोह टाळा. त्याला वाचवू शकेल अशी एकच साक्ष आहे, ती नायिकेची.

आणि येथे कायदा तुमच्या दोन्ही कथानकांना एकाच गाठीत बांधतो. पती आणि पत्नी एकमेकांच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष देऊ शकत नसत. पतीने पत्नीवरच हात उचलला असेल असे मोजके अपवाद सोडले तर हा नियम पक्का होता. तिच्या अब्रूसाठी मावशी, पाद्री, सारा गाव म्हणणार, की ताबडतोब लग्न उरका. लग्न उरकले की तिची साक्ष गेली, आणि साक्ष गेली की तो गेला. नुसता वाङ्‌निश्चय झाला असला तरी सरकारी बाजू म्हणणार, बाई प्रेमात आहे, खोटे बोलेल. म्हणजे त्याचा जीव वाचवायचा असेल तर मार्चपर्यंत तिने त्याच्याविषयी बेफिकीर आहोत असेच वागले पाहिजे, भेटीला जाता कामा नये, आणि त्या पाव तासाबद्दल मनात जो संशय आहे तो कोणाजवळ बोलता कामा नये. तेव्हा मागणी खटल्याआधी येऊ द्या, आणि नायिकेने ती तेव्हा नाकारावी. का नाकारली ते त्याला कळते की नाही, यावर तुमची मधली आठ-दहा प्रकरणे उभी राहतील. मागणी घालणारा खरोखर तिची अब्रू राखू पाहतो आहे, की तिचे तोंड बंद करू पाहतो आहे, हा संशयही वाचकाला चाटून जाऊ द्या.

फेरलेखनाची रीत साधी ठेवा. अशा मिश्र कथा लिहिणाऱ्या इतरांनाही ती उपयोगी पडेल. प्रत्येक प्रसंगासाठी एका कागदावर दोन ओळी लिहा: खुनाबद्दल काय नवे कळले आणि दोघांमधले अंतर किती बदलले. एखादी ओळ कोरी राहिली तर प्रसंग लगेच फेकू नका. आधी तो शेजारच्या प्रसंगात मिसळून पाहा. काही प्रसंग एकाच ओळीचे राहतील आणि राहू द्यावेत, विशेषतः मृत माणसाच्या घरचे दुःख. तेथे ना सुगावा हवा ना कटाक्ष. प्रेताजवळ विनोद आणि लाडिक संवाद मात्र कोठेही नकोत. संपादकांच्या शेऱ्याला उत्तर देण्यासाठी शेवटचे पान कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते तेवढे ठरवा. तुमच्या बाबतीत ते प्रेमाचे असावे असे मला वाटते. तसे असेल तर खुनी आधी उघडा पडला पाहिजे, आणि बाडासोबतच्या पत्रात ‘खुनाच्या तपासाभोवती गुंफलेली प्रेमकथा’ असे निःसंकोच लिहा.

संबोधनाकडेही लक्ष द्या. त्या समाजात लग्न ठरेपर्यंत परक्या पुरुषाने मुलीला नुसत्या नावाने हाक मारणे खपत नसे. तुमचे नायक-नायिका मात्र सातव्या प्रकरणातच ‘तू’वर आले आहेत. त्यांना कादंबरीभर ‘तुम्ही’ म्हणू द्या आणि तो बदल एकदाच, निर्दोष सुटल्यानंतर, खर्च करा.

राहिला शेवट. ती एकवीस वर्षांपुढची आहे, त्यामुळे लग्नाला कोणाच्या संमतीची गरज नाही. चर्चमध्ये तीन रविवारी नावे पुकारली जातील आणि तेवढ्या अवधीत कोणालाही हरकत घेता येईल. हे तीन रविवार तुमचे अखेरचे प्रकरण. खुनी सापडलेला आहे, खटला संपलेला आहे, पण तो पाव तास अजून कोणी विचारलेला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मध्ये तिने तो विचारावा. त्याचे उत्तर काय असेल ते मी सुचवणार नाही. फक्त पहिले प्रकरण पुन्हा लिहायला घेण्याआधी ते तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.